फोटो यायचा आहे

६ नोव्हेंबर

शिला आली होती. आधी ओळखलंच नाही. मी तासिकांवर शिकवायचो तेव्हा अकरावीच्या वर्गात मागच्या बाकावर बसायची. उत्तर येत असलं तरी हात वर करायची नाही. आता नांदेडला एका दवाखान्यात नर्स आहे.

'सर, आजी-आजोबांचा फोटो काढायचाय. लवकर.'

आजोबा — थावराबाबा — अंथरुणावर आहेत. फुप्फुसं गेली. शिला रोज असली माणसं बघते, सांगताना आवाज हलला नाही. हलला तो पुढच्या वाक्याला. 'आमच्यात नवरा गेला की बाईच्या केसांतल्या घुगऱ्या उतरवतात, सर. हातातला चुडापण. आजीला त्याच्या आधी...'

मी त्यांच्या तांड्याचा पत्ता लिहून घेतला.

दोघांचा एकत्र फोटो नाही. लग्नात काढला नव्हता, नंतर कुणाला सुचलं नाही. आधार कार्डावर दोघं आहेत, पण वेगवेगळे. शिलानं मोबाईलवर काढलेत, पण आजी त्याला फोटो मानत नाही. 'मोबाईलमधला बोटानं सरकतो. मला न सरकणारा पायजे' — असं म्हणाली म्हणे.

हे वाक्य दिवसभर डोक्यातून गेलं नाही. मोठ्या कॅमेऱ्यावर काढू, म्हणालो. रंगीत रोलवर. फार दिवसांनी कुणाला तरी मनापासून हो म्हणालो!

७ नोव्हेंबर

कॅमेरा बाहेर काढला. दोन भिंगांचा, छातीशी धरून वरून आत बघायचा. पट्ट्याला बुरशी धरली आहे. भिंगाला नाही — नशीब.

मंजुषा शाळेतून आली. टेबलावरचा पसारा बघून म्हणाली, 'आलं का ते बाहेर पुन्हा?' बायको म्हणून तिचं चुकत नाही. या कॅमेऱ्यानं घरात काही आणलं नाही. दुकान चालतं ते पासपोर्ट फोटोवर आणि लॅमिनेशनवर. कळमनुरीत आता कुणी फोटो काढून घ्यायला येत नाही. मोबाईलमधला कागदावर उतरवून घ्यायला येतात.

दोन फ्लॅश आहेत. हातात मावणारे, सेलवर चालणारे. एक लगेच तयार झाला. दुसरा बराच वेळ बारीक शिट्टी वाजवत राहिला, मग त्याचा लाल दिवा लागला.

९ नोव्हेंबर

तांड्यावर जाऊन आलो. वारंगा फाट्याहून आत. दोन्हीकडं तूर फुलात. शिला फाट्यावर घ्यायला आली होती.

खोली अंधारी. एक दार, एक झरोका. थावराबाबांना बाहेर आणता येत नाही. नुसतं बसवलं तरी धाप लागते. म्हणजे आतच काढायचा, आणि उजेड सगळा आपण न्यायचा. उजेडाचं मीटर धरून पाहिलं. काटा हलला म्हणायचा, इतकंच.

भिकाबाई उठून उभ्या राहिल्या आणि खोलीत आवाज झाला. लाल फेटिया म्हणजे घागरा, वर कांचळी, डोक्यावर ओढणी, दोन्ही कानांवर चांदीच्या घुगऱ्यांचे झुपके, मनगटापासून दंडापर्यंत पांढरा चुडा. तांड्यात असा वेश करणारी ही शेवटची बाई. सुना साडीत, नाती ड्रेसमध्ये. कपड्यांवर बघावं तिथं आरसे, नखाएवढे. पंचाईत तिथंच कळली. समोरून फ्लॅश मारला तर प्रत्येक आरसा तो परत फेकणार. फोटोत बाई दिसणार नाही. ठिणग्या दिसतील.

'काहून असा बघून राहिला, बापू?'

'आरसे बघतोय, मावशी.'

'मोजू नको. सासूनं लावलेले हायेत. एकबी कमी निघाला तर वरून भांडंल ती.'

झोपताना हे सगळं काढून ठेवता का, विचारलं.

'घुगऱ्या? न्हाई बा. लगीन झाल्यापून न्हाई काढल्या. ह्याच्याबिगर मी कशी दिसती, मलाच म्हाईत न्हाई.'

खाटेवरून थावराबाबा: 'मला म्हाईत हाय! लग्नाच्या आधी चोरून पायली व्हती. डोक्यात नुसत्या उवा!' आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसता हसता खोकू लागले.

'तरीबी आलाच ना वरात घेऊन,' त्या म्हणाल्या, आणि खोकला थांबेपर्यंत त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. हात फिरला की घुगऱ्या वाजत. मला वाटतं, त्या माणसाला झोपेतही हा आवाज ऐकू येत असेल.

देविदास — त्यांचा मुलगा, शिलाचा बाप — दारात उभा होता. 'सर, मोबाईलवरच मारा की एक. पाच मिन्टात काम व्हतंय. कशाला एवढी तकलीफ?'

त्यांना मोबाईलचा नकोय, असं मी म्हणालो. खरं तर मलाच नको होता.

१० नोव्हेंबर

उपाय सापडला. पांढरं धोतर! दोरीवर ताणून बांधायचं आणि फ्लॅश त्याच्या मागून मारायचा. उजेड चाळून येईल. आरशांत ठिणगी दिसण्याऐवजी धोतर दिसेल, पांढरं, मऊ. घरातली आरशांची उशी खुर्चीवर ठेवून दुकानातल्या डिजिटलवर करून पाहिलं. जमतंय.

डिजिटल सोबत नेणार नाही. जवळ असला की हात तिकडंच जातो.

१२ नोव्हेंबर

झालं.

धोतर थावराबाबांचंच वापरलं. 'मी जित्ता हाय तवर घ्या काम त्याच्याकडून,' म्हणाले. एक फ्लॅश धोतरामागं. दुसरा कोपऱ्यात, भिंतीकडं तोंड करून. अंगणात गर्दी जमली म्हणून दार अर्धं लोटून घेतलं.

बाबांना पाठीमागं गोधड्यांची गुंडाळी लावून बसवलं. देविदास पागोटं बांधत होता, ते सारखं घसरत होतं. 'बाप हाय का सोयाबीनचं पोतं? नीट बांध!' दुसऱ्यांदा बांधल्यावर बसलं.

मग मला म्हणाले, 'दाव बरं, तुला काय दिसतं ते.'

कॅमेरा त्यांच्या छातीशी धरला. मान खाली घालून ते काचेत बघू लागले. समोर भिकाबाई.

'उलटी दिसून राहिली.'

'यात उजवं ते डावं दिसतं, बाबा.'

ते ऐकत नव्हते. बघत होते. थरथरणारी बोटं भिंगाच्या कडेकडेनं फिरत होती, जणू तिथं एखादी कडी असेल आणि ती उघडली की आत जाता येईल. भिकाबाई अवघडल्या. 'बस झालं. उभी जिंदगी पायलं न्हाई, आज काय पायतोस?'

त्यांनी वर पाहिलं नाही. 'गप. हाल्लीस की बिघडंल.'

सगळे हसले. मीही.

मग काढले. एका रोलवर बाराच येतात, घाई केली नाही. दर वेळी कोपऱ्यातला फ्लॅश आरशांवरून उसळायचा आणि भिंतभर कवडसे उमटून जायचे. अंगणातून बाया 'अगं बाई!' म्हणायच्या. थावराबाबांनी आपणहून हात पुढं करून तिच्या चुड्यावर ठेवला. भिकाबाई हसल्या. तोंडापुढं ओढणी न धरता.

मधला एक — तोच फोटो आहे. बटण दाबतानाच कळलं. असं कळायचं बंद होऊन वर्षं झाली होती.

निघताना भिकाबाईंनी विचारलं, 'कवा येईल?'

'आठवडाभरात. रोल धुवायला पुण्याला जातो, मावशी.'

'लाल लालच यायला पायजे बरं. गुलाबी न्हाई चालायचा.'

१३ नोव्हेंबर

रोल पाठवला. कुरिअरवाल्यानं डबी कानाशी हलवून पाहिली. 'औषध आहे का, सर?'

१९ नोव्हेंबर

लॅबचा फोन. 'सर, रोल जवळजवळ कोरा आहे. फ्लॅश उडाला होता का?'

उडाला होता. अख्ख्या अंगणानं पाहिला.

फोन ठेवला आणि कॅमेरा हातात घेतला. भिंगाच्या कडेला एक बारीक खटका असतो. त्याच्या एका टोकाला एम, दुसऱ्या टोकाला एक्स. एम जुन्या काळच्या बल्बांसाठी. ते पेटायला वेळ घेत. म्हणून कॅमेरा त्यांना आधी इशारा करतो आणि पडदा जरा मागाहून उघडतो. आताचे फ्लॅश वाट बघत नाहीत. इशारा मिळताच उडतात, आणि पडदा उघडेपर्यंत विझलेले असतात. त्यांच्यासाठी एक्स.

खटका एमवर होता.

प्रत्येक वेळी उजेड पडला. आणि प्रत्येक वेळी तो गेल्यावर कॅमेऱ्यानं डोळा उघडला.

रोल भरण्याआधी मागचं झाकण उघडं ठेवून एकदा फ्लॅश मारायचा आणि भिंगातून आरपार बघायचं — उजेड दिसला की ठीक. दर वेळी करतो. या वेळी रोल घरूनच भरून नेला. तांड्यावर धूळ असेल म्हणून. आणि एकदा भरला की आत बघता येत नाही.

खटका कुणी सरकवला? भिंग पुसताना मी? की थावराबाबांची बोटं? — हे लिहिलं आणि लाज वाटली. बघून घ्यायचं काम माझं होतं.

२० नोव्हेंबर

शिलाचा मेसेज. 'सर, आले का फोटो? आजी विचारतेय.'

खरं लिहिलं. पाठवलं नाही. पुसलं. मग लिहिलं — 'लॅबमध्ये गर्दी आहे. दोन-चार दिवस लागतील.'

तिनं हात जोडलेलं चित्र पाठवलं.

२२ नोव्हेंबर

लॅबनं निगेटिव्ह आणि स्कॅन तरी पाठवून दिले. निगेटिव्ह कोऱ्या, स्कॅन काळे. कॉम्प्युटरवर उजेड वाढवत गेलो. वाढवत गेलो तसं राखाडी धुकं वर आलं आणि त्यात अर्ध्या लोटलेल्या दाराची एक उभी फट. माणसं नाहीत. आरसे आहेत! दाराचा उजेड धरून बसलेले ठिपके. एका बसलेल्या बाईच्या आकारात. खांदा कळतो, मांडी कळते. चेहरा नाही. शेजारी, जिथं थावराबाबा होते, तिथं काहीच नाही. त्यांच्या अंगावर एकही आरसा नव्हता.

म्हणजे भिकाबाईंचा फोटो माझ्याशिवाय जगात एकट्या थावराबाबांनी पाहिला. काचेत. उलटा.

मंजुषाला दाखवलं. बराच वेळ बघत राहिली. वाटलं, काही बरं बोलेल. म्हणाली, 'उद्या जा. दुकानातला डिजिटल घेऊन जा. सांगा, चुकलं. माणूस अजून आहे ना?'

इतकं सोपं आहे.

२३ नोव्हेंबर

फाट्यापर्यंत गेलो. तांड्याकडची जीप भरत आली होती. ड्रायव्हर ओरडत होता, 'चला सर, एकच सीट हाय!' मी म्हणालो, जा तुम्ही, मी मागून येतो. टपरीवर चहा घेतला. आणखी एक घेतला. परत आलो.

शिकवायचो तेव्हा कवितेतल्या न बोललेल्या शब्दांवर तासभर बोलायचो. ते जड असतात, म्हणायचो. पोरं वहीत उतरवून घ्यायची.

२४ नोव्हेंबर

गेलो नाही.

२६ नोव्हेंबर

देविदास बाजाराला आला होता, दुकानात डोकावला. गिऱ्हाईक होतं. काउंटरवर कोपरं टेकून थांबला.

'आलं का, सर? बाबा इचारून राहिले. म्हणतेत, सरनं फोटू नेऊन पुण्यात विकला की काय, सिनेमावाल्याला.'

हसलो. हसता आलं, याचंच नवल वाटलं.

'तब्येत कशी?'

'परवा निम्मी भाकर खाल्ली दुधात. बोलतेत बी. आईला म्हणून राहिले, फोटूत तू माझ्यापरीस मोठी दिसणार, समोर बसलीस ना ऐसपैस.'

'येईल,' म्हणालो. 'आता येईलच.'

आशा वाटली. निम्मी भाकर म्हणजे वेळ आहे.

२८ नोव्हेंबर

उद्या नक्की. बॅग भरली. दोन्ही फ्लॅशना नवे सेल. खटका एक्सवर, वरून चिकटपट्टी. डिजिटलही घेतला. म्हणणार, आणखी काही काढून घेऊ म्हणून आलो, आधीचे तितके मनासारखे नाहीत. फार खोटंही नाही ते. त्यांना कळायचंसुद्धा नाही! मंजुषानं धोतर धुऊन, इस्त्री करून ठेवलं. ते तांड्यावरून चुकून माझ्यासोबतच आलं होतं.

हलकं वाटतंय.

२९ नोव्हेंबर

शिलाचा फोन. पहाटे गेले.

३० नोव्हेंबर

काल गेलो होतो. बॅग घरी ठेवली. धोतर नेलं. ते कुणाच्या हातात द्यावं कळेना. शेवटी देविदासनं घेतलं आणि बघितलंसुद्धा नाही.

भिकाबाई बायांच्या मधे बसल्या होत्या. रडून झालं होतं. त्यांच्या अंगावर सगळं तसंच. आरसे, घुगऱ्या, चुडा. तेराव्याला उतरवतील, असं माझ्याशेजारी कुणीतरी हळू म्हणालं.

त्यांनी मला पाहिलं. तेवढ्या माणसांत, बसल्या जागेवरून विचारलं, 'फोटू?'

सगळ्यांच्या माना वळल्या. तांड्याचा प्रमुख म्हणजे नायक, भावकी, शिला.

सांगायची जागा ती नव्हती. असं मी स्वतःला रस्ताभर सांगत आलो. 'लॅबमध्ये आहे, मावशी. येईल.'

त्यांनी मान हलवली. घुगऱ्या वाजल्या. शेजारच्या बाईनं डोळे पुसले.

मी आता सरावलो आहे. जीभ अडखळत नाही.

५ डिसेंबर

काही लिहिण्यासारखं नाही. कॅमेरा कपाटात. दिवसभर आधार कार्डं.

१२ डिसेंबर

देविदास आला. बस म्हटलं तर बसला नाही.

'काल तेरावं झालं, सर. आईनं हात लावू दिला न्हाई.'

मला आधी कळलंच नाही.

'बाया घुगऱ्या सोडवायला बसल्या, तर म्हणती, फोटू येऊ द्या आधी. फोटूत हायेत तशा बराबर हायेत का, मेळ घालून बघती, मगच उतरवती. नायक म्हणाला, कोणता फोटू? तर म्हणती, सर काढून गेले तो. सर मास्तर व्हते शिलाचे, खोटं बोलायचे न्हाईत.' डोक्यावरची टोपी काढून त्यानं काउंटरवर ठेवली. 'भावकी मला बोलून राहिली, सर. बाप मेला अन् आई नटून बसली, म्हणतेत. नायकबी हारला तिच्यापुढं. चार दिस देतो म्हणला, फोटू येऊ दे. तुमी त्या पुण्यावाल्याला जरा दम द्या ना!'

'शिला काय म्हणते?'

'ती? ती आजीच्याच बाजूनं. म्हणती, राहू द्या की अंगावर, कुणाचं काय जातंय. तिला काय, ती नांदेडला जाती निघून. राहायचं आमाला हाय.'

तो वाईट माणूस नाही. डोळे सुजलेले होते. बापाला उचलून त्यानंच रोज आंघोळ घातली.

आज बोलता आलं असतं. 'उद्या-परवा स्वतः येतो,' एवढंच म्हणालो.

तो गेल्यापासून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. माझ्या तोंडून 'फोटो नाही' निघालं की त्याच दिवशी घुगऱ्या उतरतील. आणि त्या कशा दिसत होत्या, ते दाखवायला कागदाचा तुकडाही नसेल. दोन्ही एकदम जातील, माझ्या एका वाक्यानं. आणि ते वाक्य बोलायलाच हवं. ती माणसं माझ्या खोट्यावर अडून बसली आहेत.

मंजुषा म्हणाली, 'मी येऊ का सोबत?'

नको म्हणालो.

१४ डिसेंबर

गेलो. अंगणात देविदास, नायक, भावकीतले काहीजण. मला बघून सगळे उठले. भिकाबाई आत, रिकाम्या खाटेला टेकून. घुगऱ्या कानांवर.

समोर बसलो. वाक्य पाठ करून आलो होतो. 'मावशी, तो फोटो —'

त्यांनी माझा हात धरला. चुडा मनगटाला लागला, गार. 'येऊ देऊ नको, बापू,' त्या हळूच म्हणाल्या. आणि मग दाराकडं तोंड करून, मोठ्यानं —

'न्हाई आला म्हणतेत सर! लई टाईम लागतो त्याला!'